घराच्या बाहेरील भिंतीचा लेप आणि रंग

कुंभकोणमहून तंजावरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, स्वामिमलै आणि पापनाशम यांच्या दरम्यान, सुंदरपेरुमाळ कोयिल नावाचे एक लहानसे स्थानक लागते. पेरुमाळ म्हणजे विष्णू आणि कोयिल म्हणजे देऊळ. कावेरीच्या पाण्यावर पिकणारा हा प्रांत मराठी वाचकास सर्वस्वी परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावरास भोसल्यांची गादी होती. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथेच एका मराठी घराण्यात झाला. परंतु या लेखात राजांचा व दिवाणांचा विचार करावयाचा नसून साध्या विटांच्या घराचा करावयाचा आहे.

असे समजू की, या भागात १९५५ च्या सुमारास बांधलेले एक घर आहे. पुढे ओटा, ज्यास तेथे 'तिण्णै' म्हणतात. त्यावर कौलांचा उतार. आत विटांच्या जाड भिंती. भिंतींचा रंग उडाला आहे, जोत्याजवळ गिलाव्याचे पोपडे सुटले आहेत, आणि घरमालकाने आता बाहेरून काय लावावे, असा प्रश्न आहे. रंगाच्या दुकानात गेल्यास शेकडो छटांचे पुस्तक पुढे ठेवले जाते. कोणी दर्शनी भिंतीस चकचकीत फरश्या बसविण्याचा सल्ला देतो. आमच्या मते येथे छटांचे पुस्तक मिटून ठेवावे आणि प्रथम भिंतीकडे पाहावे.

पाश्चात्त्य ग्रंथ भाषांतरित करताना या विषयावर 'साइडिंग' असा एक शब्द वारंवार आढळतो, आणि त्याला मराठीत सरळ प्रतिशब्द सापडत नाही. याचे कारण भाषेत नसून घरात आहे. अमेरिकेतील पुष्कळ घरांचा सांगाडा लाकडाचा असतो. पावसापासून त्याचे रक्षण व्हावे म्हणून बाहेरून फळ्या एकीवर एक चढवून ठोकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर फळ्यांच्या जागी ॲल्युमिनियमचे व पुढे प्लास्टिकचे पत्रेही आले. तेथे हे आवरण म्हणजे भिंतीवर चढविलेला रेनकोट होय. आपल्याकडील विटांची भिंत मात्र स्वतःच घराचा भार वाहते, आणि तिच्यावरचा गिलावा तिच्या अंगाचाच भाग असतो. तो कातडीसारखा असून त्यातून भिंत श्वास घेते, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

हा श्वास म्हणजे काय, ते नीट समजून घेतले पाहिजे. वीट आणि चुन्याचा गिलावा हे दोन्ही पदार्थ सच्छिद्र आहेत. जमिनीतील ओल बारीक छिद्रांतून वर चढते. पावसाचे पाणी तडांतून आत शिरते. कावेरीच्या मुखाकडील या सखल प्रदेशात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो, तेव्हा भिंती आठवडेच्या आठवडे ओल्या राहतात. हे पाणी पुढे वाफ होऊन त्याच छिद्रांतून बाहेर पडते. बाहेरून रबरी पापुद्र्यासारखा दाट रंग दिला, तर वाफेची वाट अडते. ती रंगाला मागून रेटते व फोड येतात. याहून मोठा अनर्थ क्षारांमुळे होतो. पाण्यात विरघळलेले क्षार पृष्ठभागी येऊन वाळले, तर पांढरी भुकटी दिसते. यालाच आपण 'भिंतीला लोणा लागला' म्हणतो, आणि ती झाडून टाकता येते. परंतु वाट अडल्यास हेच क्षार रंगाच्या किंवा फरशीच्या पाठीमागे स्फटिकरूप धारण करतात, आणि वाढणारे स्फटिक गिलाव्याचा आतल्या आत भुगा करतात. दर्शनी फरशी स्वच्छ दिसत असते आणि तिच्यामागे भिंत झिजत असते.

म्हणून भिंत कशाची आहे, हा पहिला प्रश्न. १९५५ च्या सुमारास सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. ते १९८२ मध्ये अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णतः उठले. त्यामुळे त्या पिढीच्या घरांत चुना, चुना-सिमेंटचे मिश्रण आणि निव्वळ सिमेंट हे तिन्ही प्रकार आढळतात. पुष्कळदा पुढची भिंत चुन्याची आणि मागाहून वाढविलेले स्वयंपाकघर सिमेंटचे, असेही असते. कोपऱ्यातला गिलावा चाकूच्या टोकाने खरवडून पाहावा. चुन्याचा गिलावा मऊ असून त्याची पूड पडते. सिमेंटचा गिलावा करडा असून चाकूला दाद देत नाही. पहिल्याला चुन्याची सफेदी किंवा वाफ जाऊ देणारा खनिज रंगच योग्य. दुसऱ्याला सिमेंटचा रंग किंवा बाहेरच्या भिंतींसाठी केलेला ॲक्रिलिक रंग चालतो, मात्र जोत्यातून ओल चढत नसेल तरच. ओल चढत असल्यास आधी पन्हळी व गटारे दुरुस्त करावीत. तो खर्च रंगाच्या खर्चाहून पुष्कळदा कमी असतो, पण डोळ्यांत भरत नाही म्हणून कोणी करीत नाही.

चुन्याची सफेदी ही रसायनशास्त्राची एक सुंदर फेरी आहे. सुमारे ९०० अंश सेल्सियसला चुनखडी भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून पातळ करून भिंतीस लावला, की हवेतील तोच वायू पुन्हा शोषून घेऊन त्याची चुनखडी बनते. म्हणजे सफेदी हा दगडाचा अतिशय पातळ थर होय. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने बुरशी व शेवाळ यांना तो मानवत नाही.

या फेरीला ओलावा लागतो, आणि येथे एक गमतीची गोष्ट ध्यानात येते. तमिळ घरांत जानेवारीच्या मध्यास येणाऱ्या पोंगलपूर्वी सफेदी करण्याची रीत आहे. पाऊस नुकताच सरलेला, भिंती अजून ओलसर, ऊन सौम्य. चुन्यास याहून चांगला काळ नाही. महाराष्ट्रात नैऋत्य मोसमी पावसानंतर दसरा-दिवाळीस आपण हेच करीत आलो. ॲक्रिलिक रंगाला मात्र भिंत कोरडी हवी. पोंगलच्या घाईत तो ओल्या भिंतीवर चढविला, म्हणजे पुढच्या पावसाळ्याची वाट न पाहता पोपडे सुटू लागतात. तेथे फेब्रुवारी-मार्चपर्यंत धीर धरावा.

आता रंगछटेकडे वळू. ताजी पांढरी भिंत तिच्यावर पडणाऱ्या उन्हापैकी सुमारे तीन चतुर्थांश किंवा अधिक ऊर्जा परतविते. गडद विटकरी रंग त्यातील बरीचशी शोषून घेतो. परंतु चारही भिंतींवर ऊन सारखे पडत नाही. सुंदरपेरुमाळ कोयिल विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे ११ अंशांवर असल्याने एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य तेथे उत्तरेकडे कललेला असतो. तरीही तो जवळजवळ डोक्यावर असतो, आणि हातभर छज्जाही त्याला अडवितो. खरा जाच होतो तो पश्चिमेच्या भिंतीला, कारण उतरते ऊन छज्जाखालून सरळ तिच्यावर येते. तेव्हा पश्चिमेस फिकट रंग द्यावा. ओट्याच्या छपराखालील सावलीतल्या भिंतीवर गडद रंगाची हौस खुशाल पुरवावी.

चुन्यात कोणते रंगद्रव्य टिकते, हेही पाहिले पाहिजे. गेरू, काव, हुरमुंजी आणि पिवडी ही लोहाची संयुगे असून चुन्याला व उन्हाला दोहोंना पुरून उरतात. कपड्यांची पारंपरिक खनिज नीळ चुन्यात टिकते. 'प्रशियन निळा' मात्र चुन्यात बिघडून तांबूस पडतो. सेंद्रिय रंग बहुधा उन्हात विटतात. तमिळनाडूतील देवळांच्या भिंतींवर तांबडे-पांढरे उभे पट्टे दिसतात, ते याच टिकाऊ जोडीचे, काव आणि चुना यांचे होत. त्या काव रंगाला तमिळमध्ये 'कावी' म्हणतात, आणि कोकण-गोव्यातील देवळांवर याच दोन द्रव्यांनी काढलेल्या चित्रांनाही आपण 'कावी' म्हणतो. जोत्यापासून हात-दीड हात उंचीपर्यंत कावेचा पट्टा ओढल्यास पावसात उडणाऱ्या चिखलाचे डागही त्यात लपतात.

एक इशारा दारे-खिडक्यांविषयी. त्या काळच्या तेली रंगांत शिसे असण्याचा संभव मोठा आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये झाले व नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये किंवा ज्योतीने जाळू नये. पाणी लावून घासावा, आणि लहान मुलांना तेथे फिरकू देऊ नये.

छटा निश्चित करण्यापूर्वी पश्चिमेच्या भिंतीवर दोन हात लांबी-रुंदीचा एक चौकोन रंगवून पाहावा. बादलीत दिसणाऱ्या रंगावर विश्वास ठेवू नये. चुना ओला असताना अर्धपारदर्शक असतो व त्यातील पिवडी गडद भासते. वाळत जाईल तसतसा तो पांढरा होतो आणि छटा पुष्कळच फिकी पडते.