विद्यापीठाच्या वाटेवरील सोबती

एकाच वर्गात बसणाऱ्या आणि गणितात सारखेच गुण मिळविणाऱ्या दोन मुली आहेत, असे समजा. पहिलीचे आईवडील पदवीधर आहेत. दुसरीच्या घरात महाविद्यालयाची पायरी आजवर कोणी चढलेले नाही. शाळा संपताच पहिली महाविद्यालयात जाते. दुसरी पुष्कळदा जात नाही. बुद्धीने ती उणी नसता असे का व्हावे? पैशाची अडचण हे एक उत्तर आहे आणि ते खरेही आहे. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही. कोणते विषय सोडता कामा नयेत, अर्ज कधी करावयाचा, शिष्यवृत्ती कोणाकडे मागावयाची, या गोष्टी पहिलीच्या कानांवर घरात सहज पडत असतात. दुसरीला त्या सांगणारे कोणी नसते. इतकेच नव्हे, तर कोणाला विचारावे हेही तिला ठाऊक नसते.

ही उणीव विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या साह्याने भरून काढण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. तेथे माध्यमिक शाळेचा वरचा टप्पा नववी ते बारावी असा चार वर्षांचा असतो आणि बारावीनंतर विद्यार्थी थेट विद्यापीठात किंवा महाविद्यालयात जातो. २० ऑगस्ट १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ‘आर्थिक संधी कायद्या’वर सही केली. (जॉन्सन हे स्वतः तरुणपणी, १९२८ साली, टेक्सासमधील कोटुला या गावी मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांच्या शाळेत शिक्षक होते.) या कायद्याच्या आधारे १९६५ च्या उन्हाळ्यात १७ ठिकाणी ‘अपवर्ड बाउंड’, म्हणजे ‘वरच्या दिशेने निघालेले’, या नावाची योजना प्रयोगादाखल सुरू झाली. पुढे ती देशभर पसरली आणि १९९० साली गणित व विज्ञान यांसाठी तिची स्वतंत्र शाखा निघाली.

योजनेत घेतलेल्या मुलांपैकी किमान दोन-तृतीयांश मुले अल्प उत्पन्नाच्या घरांतील असावी लागतात, आणि त्यांच्या आईवडिलांपैकी कोणी पदवीधर असता कामा नये. प्रयोगशाळेतील विज्ञान, गणित, एक परकीय भाषा, लेखन आणि साहित्य हे विषय शिकविणे योजना चालविणाऱ्या संस्थांवर बंधनकारक आहे. मुलांना थोडा हातखर्चही देता येतो. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत दरमहा फार तर ६० डॉलर आणि एरवी ४० डॉलर. ही रक्कम किरकोळ वाटेल. परंतु सुटीत दुकानात काम करून घरास हातभार लावणाऱ्या मुलाला घरून सोडवून आणताना तिचा उपयोग होतो.

योजनेचा गाभा म्हणजे उन्हाळ्यातील मुक्काम. सुमारे सहा आठवडे ही मुले विद्यापीठाच्या वसतिगृहात राहतात. सकाळच्या वर्गांत अनुभवी शिक्षक शिकवितात. पण दुपारचा अभ्यास, सायंकाळचे खेळ, ग्रंथालयाची ओळख, वस्तुसंग्रहालयाची सहल आणि रात्री खोलीत उगाळल्या जाणाऱ्या शंका, हा सारा भाग बव्हंशी मार्गदर्शक विद्यार्थ्यांकडे असतो. हे मार्गदर्शक वयाने मुलांपेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठे असतात. त्यांपैकी कित्येकजण पूर्वी याच योजनेतून आलेले असतात.

असा मार्गदर्शक नेमके काय करतो? एक साधा प्रयोग घेऊ. दोऱ्याला लहानसे वजन बांधून लंबक केला आहे. एक मीटर लांबीच्या लंबकाला एका पूर्ण आंदोलनास सुमारे दोन सेकंद लागतात. आता एक सेकंदाचा लंबक हवा असेल तर दोरा किती ठेवावा? मुले बहुधा ‘अर्धा मीटर’ असे उत्तर देतात. मार्गदर्शक त्यांना चूक म्हणत नाही. दोरा कापावयास सांगतो. अर्ध्या मीटरला सुमारे १.४ सेकंद भरतात. मुलांना प्रथम आपल्याच मोजणीचा संशय येतो. मग दहा आंदोलनांचा वेळ मोजून त्याला दहाने भागण्याची युक्ती निघते, पुन्हा मोजणी होते आणि आकडा तोच येतो. दोरा पाव मीटर केला म्हणजे एक सेकंद मिळतो. वजन दुप्पट केले तरी काळ बदलत नाही, हेही त्याच वेळी ध्यानात येते. वर्गमूळाचा नियम फळ्यावर पाच मिनिटांत लिहून देता आला असता. परंतु मोजणी न जुळल्याने गोंधळणे हे आपल्या मंदपणाचे लक्षण नसून विज्ञानाचे नित्याचे काम आहे, ही समज फळ्यावरून येत नाही; आणि ‘पहिल्या वर्षी मीही असाच गोंधळलो होतो’ असे सांगणारा तरुण शेजारी बसला असला, म्हणजे ती लवकर येते.

दुसरे काम कागदोपत्री, आणि म्हणून कंटाळवाणे. पण त्याचे मोल फार आहे. अमेरिकेत विद्यार्थ्याला सरकारी आर्थिक साहाय्य हवे असल्यास एक अर्ज भरावा लागतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्यात शंभरांहून अधिक प्रश्न होते. २००८ साली ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत संशोधकांनी एक प्रयोग केला. करपत्रके भरून घेण्यासाठी आलेल्या अल्प उत्पन्नाच्या काही कुटुंबांचा हा अर्ज तेथल्या तेथे, सुमारे दहा मिनिटांत, भरून देण्यात आला. दुसऱ्या गटास किती साहाय्य मिळू शकेल एवढीच माहिती दिली. तिसऱ्यास विशेष काही दिले नाही. नुसत्या माहितीचा परिणाम दिसला नाही. ज्यांचा अर्ज भरून दिला, त्यांच्या घरच्या शालान्त मुलांपैकी पुढील तीन वर्षांत महाविद्यालयाची दोन वर्षे पुरी करणाऱ्यांचे प्रमाण मात्र शेकडा २८ वरून ३६ वर गेले. या प्रयोगातील मदतनीस विद्यार्थी नव्हते, तरी पत्रक हाती देणे आणि शेजारी बसून काम पुरे करून घेणे यांतील अंतर त्यावरून स्पष्ट होते.

प्रवेश मिळाल्यावरही धोका सरत नाही. बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज या संशोधकांनी दाखविले की, महाविद्यालयात जाण्याचे ठरविलेल्या मुलांपैकी शेकडा १० ते २० मुले शाळा संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात गळतात. शाळेचे शिक्षक सुटीवर गेलेले असतात, महाविद्यालय अद्याप आपले झालेले नसते, आणि मध्येच शुल्काचे अनोळखी देयक घरी येते. अशा मुलांशी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी त्या दोन-तीन महिन्यांत संपर्क ठेवून पाहिला, तेव्हा प्रवेश घेणाऱ्यांत वाढ आढळली.

मग ‘अपवर्ड बाउंड’ यशस्वी ठरली काय? हा प्रश्न विज्ञानाच्या रीतीने विचारण्यात आला, आणि त्याचे उत्तर योजनेच्या चाहत्यांस रुचले नाही. १९९२ ते १९९४ या काळात ६७ केंद्रांतील सुमारे २,८०० इच्छुक मुलांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली. एकास प्रवेश दिला, दुसऱ्यास नाकारला. पुढे कित्येक वर्षे दोन्ही गटांचा माग ठेवला. २००९ च्या अखेरच्या अहवालानुसार, सर्व मुलांची सरासरी घेता उच्च शिक्षणात प्रवेश करण्याच्या प्रमाणात दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही. याचे एक कारण असे की, नाकारलेल्या मुलांपैकी अनेकांनी अन्यत्र मदत मिळविली होती. शिवाय एका केंद्राला हिशेबात अवाजवी वजन मिळाले, असा आक्षेप काही अभ्यासकांनी घेतला आणि तो वाद दीर्घकाळ चालला.

परंतु त्याच अहवालात एक गट वेगळा उठून दिसतो. आपण पदवीपर्यंत पोहोचू अशी ज्या मुलांना आरंभी स्वतःलाच आशा नव्हती, त्यांच्या बाबतीत शालेय शिक्षणानंतरचा एखादा अभ्यासक्रम पुरा करण्याचे प्रमाण शेकड्यात १२ अंकांनी वाढले होते. अशी मुले योजनेत थोडीच होती. याचे नवल वाटावयास नको. अर्ज करण्यास मुळात उत्साह लागतो. शिक्षकही साहजिकच होतकरू आणि उत्सुक मुलाचे नाव पुढे करतात, आणि मागच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलीचे नाव राहून जाते.

२००६ साली सरकारने नव्या पाहणीचा घाट घातला आणि तींतील केंद्रांनी जागांच्या दुप्पट मुले जमवावीत, त्यांतील निम्मी चिठ्ठ्यांनी वगळावीत, अशी अट सुचविली. मुलांना आशा दाखवून परत पाठविणे केंद्रचालकांना मान्य नव्हते; अशा चाचणीवाचून योजनेचे खरे मोल कळणार नाही, असे संशोधकांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंत तथ्य होते. २००८ च्या कायद्याने अशी अट घालण्यास मनाई केली. उत्पन्नाची आणि आईवडिलांच्या शिक्षणाची कसोटी मात्र कायम राहिली. मुलाची स्वतःविषयीची अपेक्षा किती आहे, हे त्या कसोटीत विचारले जात नाही. ते शोधून काढण्याचे काम शाळेत जाऊन मुलांशी बोलणाऱ्या माणसावरच राहते.