माहूरची भजी आणि परदेशी हुकूम

माहूरगडाच्या वाटेवर भजी तळणाऱ्या दुकानदारास इंडोनेशियाशी आपला काही संबंध असेल असे स्वप्नातही वाटत नसले, तरी २८ एप्रिल २०२२ पासून त्या देशाने पामतेलाच्या निर्यातबंदीचा अंमल सुरू केला तेव्हा, युक्रेनच्या युद्धाने सूर्यफूल तेल आधीच कडाडले असल्यामुळे, त्याला तेलाच्या डब्याच्या भावाची धास्ती वाटण्यास कारण होतेच. आपल्या गरजेचे निम्म्याहून अधिक खाद्यतेल आपण बाहेरून आणतो. भोवताली सोयाबीन उदंड पिकते खरे, परंतु लातूरच्या आडतीवरील सौदाही परदेशी तेलाच्या भावाकडे डोळा ठेवूनच ठरतो.

अशी बाहेरून आलेली भाववाढ आवरायची कोणी? २०१६ पासून महागाईचा दर ४ टक्क्यांच्या आसपास, फार तर दोन टक्के इकडेतिकडे, राखण्याचे दायित्व कायद्याने रिझर्व्ह बँकेवर आहे. तिने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवधीत रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर नेला. त्यायोगे कर्ज महागते, मागणी आवरते, पण तेलाचा एक थेंबही अधिक गळत नाही. भाववाढ मजुरीत नि भाड्यात मुरू नये, एवढाच त्याचा उपयोग, आणि तो माझ्या मते क्षुल्लक नव्हे. उरलेला कारभार जकातीचा: सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के केले ते शेतकऱ्यासाठी, आणि मे २०२५ च्या अखेरीस १० वर आणले ते गिऱ्हाइकासाठी.