दहावीचे वर्ष आणि संध्याकाळचा खेळ

दहावीचे वर्ष लागले की अनेक घरांत पहिली कुऱ्हाड खेळावर पडते. शिकवणी आणि सराव-परीक्षांच्या गर्दीत संध्याकाळचा खो-खो चैन वाटू लागतो. आईवडील कामावर असतात. नातवाने बूट चढवताच ‘आज राहू दे, अभ्यास कर’ असे म्हणणारे बहुधा आपणच, आजी-आजोबा. तेवढे एक वाक्य यंदा आवरावे, अशी विनंती आहे.

५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल इतपत हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले एवढी हालचाल करीत नसल्याचे दिसले. मुलींचे प्रमाण मुलांहून अधिक होते. ‘आता मोठी झालीस’ म्हणून नातीचे मैदान सुटले असेल, तर तिच्याकडे आधी पाहावे.

धावण्याने भूक लागते, झोप गाढ येते आणि मनावरचा ताण हलका होतो, हे आपण जाणताच. सांघिक खेळात आणखी एक गोष्ट मिळते. एक दिवस दांडी मारली की गडी विचारतात, ‘काल का आला नाहीस?’ आपली कोणी वाट पाहते, ही जाणीव पंधराव्या वर्षी फार मोलाची असते. शिवाय तेथे हरणे रोजचेच. हरूनही दुसऱ्या दिवशी डाव मांडला जातो. निकालाच्या धास्तीने खचलेल्या मुलाला हे वेगळे समजवावे लागत नाही.

सांघिक खेळ खेळणाऱ्या मुलांत उदासीनता कमी आढळते, असे अनेक अभ्यास सांगतात. अर्थात, मुळात प्रसन्न असलेली मुले खेळाकडे अधिक वळतात, हेही त्यामागे असू शकते. आणि जेथे प्रशिक्षक चारचौघांत अपमान करतो किंवा घरचे पदकांचा हिशेब मांडतात, तेथे खेळच जाच होतो. म्हणून नातू घरी परतल्यावर ‘जिंकलास का?’ऐवजी ‘मजा आली का?’ असे विचारावे.

एरवी हौसेने खेळणारे मूल अचानक मैदान टाळू लागले, जेवण-झोप बिघडली, बोलणे तुटले आणि असे दोन आठवडे चालले, तर त्याला बळेच खेळायला पाठवू नये, डॉक्टरांना दाखवावे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कानी आली, तर एक दिवसही थांबू नये. शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असते. फोन मुलानेच करावा असे नाही. आपणही करू शकता.