उतारवयातील शेतकऱ्याची दुखापत

चाळीस-पंचेचाळीस वर्षे शेतात राबलेल्या माणसास साठीच्या सुमारास मोठी दुखापत झाली, म्हणजे त्याच्यापुढे दोनच मार्ग आहेत अशी समजूत खेड्यापाड्यांतून आढळते. एक तर दुखणे अंगावर काढून पंधरवड्यात पुन्हा कामास लागावयाचे, नाहीतर खाट धरावयाची. हे दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत. पहिल्याने अर्धवट भरलेली जखम पुन्हा उलटते. दुसऱ्याने सुदृढ अंगही दुबळे होते. उतारवयात माणूस आठ-दहा दिवस निजून राहिला, तरी मांड्यांतील बळ झपाट्याने ओसरते व ते परत येण्यास त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो.

मळणीयंत्राचेच उदाहरण घेऊ. यंत्राच्या तोंडाशी बहुधा घरातील जाणता माणूस उभा राहतो, कारण पेंढी कशी सारावी हे त्यास ठाऊक असते. परंतु वयोमानाने नजर मंदावते, हात मागे घेण्यास क्षणभर अधिक लागतो, आणि मळणी तर रात्री उशिरापर्यंत चालते. पेंढी आत सारावयाची पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब असावी आणि तिचा ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोहोचत नाही. काम लवकर उरकावे म्हणून हे झाकण काढून ठेवण्याची वाईट चाल काही ठिकाणी आहे. ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी खळ्यावर गेल्यावर प्रथम हे झाकण पाहावे.

अपघात झालाच, तर यंत्र बंद करून जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे व हात वर उचलून ठेवावा. हळद, राख, चुना अथवा तंबाखू जखमेत भरू नये. बोट तुटून पडले असल्यास ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, पिशवीचे तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवून रुग्णाबरोबर न्यावी. बोट थेट बर्फावर ठेवल्यास ते निकामी होते. थंड राखलेले बोट काही तासांनंतरही जोडता येते. संपूर्ण हात तुटला असल्यास मात्र अवधी फारच थोडा असतो. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांस आवर्जून विचारावे. वयस्क माणसाने ही लस शेवटची केव्हा घेतली हे घरात कोणासच आठवत नसते.

झाडावरून अथवा माळ्यावरून पडलेल्या वृद्धाचा एक पाय आखूड दिसत असेल व पाऊल बाहेरच्या बाजूस वळले असेल, तर खुब्याचे हाड मोडले आहे असे समजावे. त्यास उभे करू नये, चोळू नये, हाड बसविणाऱ्याकडेही नेऊ नये. अशा मोडीची शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत झाली तर माणूस पुन्हा चालू लागण्याचा संभव पुष्कळ वाढतो. पोते उचलताना कंबर धरली असेल, तर थोडी विश्रांती घेऊन हिंडूफिरू लागणे हितावह असते. पण पाय लुळा पडणे, बैठकीचा भाग बधिर होणे अथवा लघवी अडणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

यापुढील काम कागदपत्रांचे, आणि येथेच बहुतेक कुटुंबे मागे पडतात. महाराष्ट्रात २०२३ पासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना लागू आहे. १० ते ७५ वर्षे वयाचा खातेदार शेतकरी व खातेदार नसलेली त्याच्या कुटुंबातील एक व्यक्ती यांस तिचा लाभ मिळतो. मृत्यू झाल्यास, अथवा दोन डोळे वा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख रुपये. एक डोळा अथवा एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत करावा लागतो. म्हणून सातबारा, वयाचा दाखला, पोलीस पाटलाचा अहवाल किंवा पंचनामा आणि डॉक्टरांचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र यांची तजवीज रुग्ण रुग्णालयात असतानाच सुरू करावी. मुरगळलेल्या कंबरेस वा भरून आलेल्या मोडीस यातून काही मिळत नाही, हेही घरच्यांस स्पष्ट सांगावे. खोटी आशा लावणे बरे नव्हे.

ज्याच्या नावे सातबाराच नाही, त्या शेतमजुराची अडचण मोठी. त्याने पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत आधीच नाव घातलेले असावे. वर्षाला २० रुपये बँकखात्यातून जातात, व ७० वर्षे वयापर्यंत हा विमा चालतो. अपघातानंतर नाव घालून उपयोग नाही.

आता घरी परतलेल्या माणसाविषयी. त्यास काय करता येत नाही, याची यादी सर्वांना पाठ असते. काय करता येते, हे कोणी विचारीत नाही. मग तो चिडतो, अथवा कोणास न सांगता पहाटे उठून पोती हलवू लागतो. ग्रामसेवकाने अशा घरी जाऊन, मुलासुनांसमोर, डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार कामाची वाटणी नव्याने करून द्यावी. कंबर दुखावलेल्याने १६ लिटरचा फवारणी पंप पाठीवर घेऊ नये. भरल्यावर तो सुमारे २० किलो होतो. आंबा उतरविण्यासाठी झाडावर चढण्याऐवजी नूतन झेला वापरून जमिनीवरून फळे काढता येतात. ज्याचा एक हात अधू झाला आहे, त्याच्याकडे बियाण्याची उगवण तपासण्याचे काम सोपवावे. सोयाबीनचे १०० दाणे न निवडता घ्यावे, ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळी करावी, ती ओलसर ठेवावी व सुमारे सात दिवसांनी चांगले कोंब मोजावे. ७० किंवा अधिक उगवले तर नेहमीप्रमाणे हेक्टरी ७५ किलो बी पेरावे, कमी उगवले तर त्या मानाने वाढवावे. या कामास बळ लागत नाही, सवड व नजर लागते, आणि पेरणीचा निर्णय त्यावर ठरतो. पाण्याच्या पाळ्या व जमाखर्चाची वही हीही कामे त्याच्याकडे द्यावी. मळणीयंत्राच्या तोंडाशी मात्र त्यास पुन्हा उभे करू नये. तेथे दोन्ही हात धड असलेला, झोप झालेला व घट्ट बाह्यांचा सदरा घातलेला माणूस ठेवावा.