खलबत्ता की जाते?

टांझानियातील ओल्डुवाय घळीत १७ जुलै १९५९ रोजी मेरी लीकी यांना एक कवटी सापडली. सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीच्या या मानवसदृश प्राण्याला आज ‘पॅरान्थ्रोपस बॉइसी’ म्हणतात. त्याचा मेंदू आपल्या मेंदूच्या जेमतेम एक तृतीयांश होता, दाढा मात्र अवाढव्य. उपदाढाही दाढांसारख्याच रुंद झालेल्या, त्यांच्यावर एनॅमलचा जाड थर, आणि पटाशीचे दात व सुळे अगदी चिमुकले. घास चावताना कानशिलावर बोटे ठेवली तर एक स्नायू फुगताना जाणवतो. बॉइसीमध्ये हा स्नायू थेट टाळूपर्यंत चढलेला होता, आणि त्याला धरायला जागा हवी म्हणून कवटीवर मधोमध हाडाचा उभा कंगोराच तयार झाला होता. गालांची हाडे बाजूला आणि पुढे फेकलेली, कारण जबड्याचे स्नायू त्यांच्या आतून जात व त्यांच्यावरून निघत. एवढा बंदोबस्त पाहून अभ्यासकांनी त्याला ‘नटक्रॅकर मॅन’, म्हणजे कवचाची फळे फोडणारा माणूस, असे नाव दिले. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे पाठ्यपुस्तकांनी हेच नाव त्याच्या आहाराचे वर्णन म्हणून वापरले.

माझ्या मते या नावाने दोन वेगळे प्रश्न एकत्र करून टाकले. कवटी आणि दाढा पाहून प्राण्याला काय चावता येत होते ते कळते. तो रोज काय खात होता, हे त्यावरून ठरत नाही. शिवाय ताकद कशासाठी होती, याचेही एकच उत्तर नाही. खलबत्त्यात टणक वस्तू एका घावाने फुटते, तर जात्यात चिवट किंवा बारीक वस्तू तासन्‌तास दळली जाते. रुंद, सपाट दाढा आणि दणकट जबडा दोन्ही कामांना चालतो. जाड एनॅमल तडा जाऊ नये म्हणून उपयोगी पडते, तसेच झिजेला पुरून उरण्यासाठीही. नुसता आकार पाहून या दोहोंतला फरक कळत नाही. त्यासाठी वापराच्या खुणा शोधाव्या लागतात.

अशा खुणा दाताच्या पृष्ठभागावर सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. आजच्या माकडांमध्ये टणक बिया फोडणाऱ्यांच्या दाढांवर खड्डे पडतात, तर पाने व गवत चघळणाऱ्यांच्या दाढांवर समांतर ओरखडे उमटतात. पीटर अंगर, फ्रेडरिक ग्राइन आणि मार्क टीफोर्ड यांनी २००८ मध्ये बॉइसीच्या सात जणांच्या दाढा या कसोटीवर तपासल्या. इथिओपिया, केनिया आणि टांझानियातील हे सात जण जवळजवळ दहा लाख वर्षांच्या काळात विखुरलेले होते. त्यांपैकी एकाच्याही दाढेवर टणक पदार्थ फोडल्याचे खड्डे नव्हते, फक्त बारीक ओरखडे होते. यावर आक्षेप घेतला जातो की अशा खुणा काही दिवसांत पुसल्या जाऊन नव्या उमटतात, म्हणून त्या मरणापूर्वीच्या शेवटच्या जेवणांपुरत्याच बोलतात. आक्षेप खरा आहे.

दाताच्या रसायनात मात्र कित्येक वर्षांची नोंद राहते. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस ही पिके हवेतला कार्बन ज्या पद्धतीने बांधतात, तिला सी-४ म्हणतात. उष्ण प्रदेशातली बहुतेक गवते आणि आपल्या शेतात त्रास देणारा नागरमोथाही त्याच गटातला. झाडे, झुडपे, तांदूळ आणि गहू सी-३ गटात येतात. सी-४ वनस्पतींमध्ये कार्बन-१३ या जड कार्बनचे प्रमाण थोडे अधिक असते, आणि ते प्रमाण खाणाऱ्याच्या एनॅमलमध्ये बालपणी दात घडतानाच कायमचे नोंदले जाते. थ्युअर सर्लिंग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये केनियातील बॉइसीच्या २२ जणांचे दात मोजले. त्यांच्या आहारातला सरासरी ७७ टक्के वाटा सी-४ गटाचा निघाला. कवचाची फळे झाडांना लागतात आणि झाडे सी-३ गटातली. तेव्हा ‘नटक्रॅकर’चे मुख्य अन्न झाडावरचे नव्हते, एवढे निश्चित झाले.

आकाराची बाजू घेणाऱ्यांकडे खुणा पुसल्या जाण्याच्या आक्षेपाहून कसदार युक्तिवाद आहे. मेक्सिकोतील काही माशांचे दात गोगलगायी फोडण्यासाठी घडलेले असतात, पण मऊ खाद्य मिळाले की ते गोगलगायींकडे बघतही नाहीत, हे कॅरेल लीम यांनी १९८० मध्ये दाखवले होते. अंगाची ठेवण रोजच्या सोयीपेक्षा टंचाईच्या दिवसांसाठी असू शकते. मग बॉइसीच्या दाढाही दुष्काळात टणक बिया फोडण्यापुरत्या असतील का? तत्त्व मला पूर्ण मान्य आहे, पण इथे ते बसत नाही. टंचाईत मरणाऱ्यांची संख्या अधिक असते, म्हणजे जीवाश्मांत त्यांचाच भरणा व्हायला हवा, आणि त्यांच्या दाढांवर खड्डे हमखास दिसायला हवेत. ते सातांपैकी एकावरही नाहीत. काही प्रयोगांनुसार टणक बियांपेक्षा धूळ आणि वाळूच एनॅमल अधिक खरवडते, त्यामुळे खड्डे नसणे हा अंतिम पुरावा मानता येणार नाही. पण कार्बनचा निकाल त्यावर अवलंबून नाही.

अडचणीचा आक्षेप दुसराच आहे. गवत कापायला दाढांवर धारदार कडा लागतात. गायी-घोड्यांना त्या असतात, जेलाडा माकडालाही असतात. बॉइसीच्या दाढा सपाट. म्हणूनच गवताची पाती हे त्याचे मुख्य अन्न असावे, असे मला वाटत नाही. पाणथळ जागी वाढणाऱ्या लव्हाळ्याचे कंद, पपायरसच्या देठातला गर आणि गवताचे बी हेही सी-४ गटातच येते, आणि ते मातीसकट पोत्याने खायचे तर सपाट, जाड एनॅमलच्या दाढाच टिकतील.

आकारावरून रोजचा आहार ठरत नाही, या युक्तिवादाला सर्वांत मोठा आधार बॉइसीच्या दक्षिण आफ्रिकेतल्या भाऊबंदाचा आहे. रॉबर्ट ब्रूम यांनी १९३८ मध्ये जगापुढे आणलेल्या पॅरान्थ्रोपस रोबस्टसचा कंगोरा, गाल, दाढा सारे त्याच वळणाचे. तरी त्याच्या काही दाढांवर टणक अन्नाचे खड्डे आहेत, आणि सी-४ अन्नाचा वाटा साधारण एक तृतीयांश. मॅट स्पॉनहायमर यांनी २००६ मध्ये त्याच्या दातावर थरांमागून थर मोजले तेव्हा ऋतूंनुसार आणि वर्षागणिक हा वाटा बदलताना दिसला. एकाच ठेवणीच्या चेहऱ्याने दोन प्रदेशांत दोन वेगळे आहार पेलले.

बॉइसी नामशेष होण्याचे कारणही आता नव्याने शोधावे लागेल. ठरावीक अन्नाला जखडलेला हा जीव हवामान कोरडे होत गेल्यावर उपाशी मेला, असे सांगितले जाई. पण सुमारे १३ लाख वर्षांपूर्वी त्याचे अवशेष मिळेनासे होतात, त्या सुमारास पूर्व आफ्रिकेत सी-४ गवताळ प्रदेश वाढत होता. तिथेच जेलाडाचा प्रचंड आकाराचा नातेवाईक, थेरोपिथेकस ऑस्वाल्डी, कार्बनच्या हिशेबाने तेच अन्न खात होता आणि पुढे लाखो वर्षे टिकला.