भरतीचे गणित आणि गोदामातील माल

पावसाळा आला की उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूरच्या व्यापारी बांधवांना एकच काळजी लागते : गोदामात पाणी शिरणार तर नाही? याचे उत्तर आपल्या भूगोलात आहे.

हा मुलूख सह्याद्री आणि खाडी यांच्यामध्ये वसला आहे. पश्चिमेला माथेरानपासून हाजी मलंगपर्यंत डोंगरांची रांग, पूर्वेला घाट. खाली काळा कातळ असल्याने पाणी फारसे मुरत नाही, वाहून येते. राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, वांगणीवरून बदलापूरला येते. म्हणून बदलापुरात ऊन असले तरी कर्जतला मुसळधार पाऊस पडला की काही तासांत नदी चढते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि सुमारे १,०५० प्रवाशांना सोडवावे लागले, ते याच नदीमुळे. पुढे जांभूळच्या बाजूला बारवी नदीचे पाणी मिळते. धरण भरून वाहू लागले की कल्याणच्या दिशेने पूर आणखी वाढतो.

उल्हासनगरची गोष्ट थोडी निराळी आहे. येथे वालधुनी आहे. अंबरनाथजवळ काकोळेच्या डोंगरात उगम पावून ती भर वस्तीतून कल्याणला जाते आणि उल्हासला मिळते. गाळ, कचरा व बांधकामांनी तिचे पात्र अरुंद झाले आहे. त्यातच कल्याणपर्यंत समुद्राची भरती येते. भरतीच्या वेळी खाडी पाणी घेत नाही, मग तेच पाणी मागे तुंबते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यात भरतीची भर पडली. त्या दिवसाचे हाल अनेकांना आठवत असतील.

भरती ओळखण्यासाठी आपल्या घरातले हिजरी कॅलेंडर पुरेसे आहे. चांद दिसल्यानंतरचे दोन-तीन दिवस आणि चौदा ते सोळा या तारखा उधाणाच्या. या दिवसांत मुंबईला मोठी भरती साधारण दुपारी बारा व रात्री बाराच्या सुमारास येते, खाडीतून वर कल्याणला त्यानंतर. पुढे ती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. नक्की वेळ वर्तमानपत्रात पाहावी.

म्हणून कारागीर व दुकानदारांनी एवढे करावे. कापडाचे तागे, प्लायवूड व शिलाई मशिनच्या मोटारी पूर्वीच्या पुराच्या खुणेच्या वर ठेवाव्यात. उधाण आणि मुसळधार पाऊस एकत्र येणार असतील तर नवा माल दोन दिवस उशिरा मागवावा. विमा उतरवला असेल तर त्यात पुराचे कलम आहे का, हे आजच वाचावे. मालाची यादी व बिले दुकानात न ठेवता घरी, उंचावर ठेवावीत. दुकान भिजले तर भरपाई मागताना तीच कामी येतात.

पाऊस थांबवणे आपल्या हाती नाही, पण त्याची वाट ओळखून माल वेळीच हलवणे नक्कीच आहे.