निमोण्यातल्या कुत्र्याचा विमा निघतो का?

शिरूर तालुक्यातल्या निमोणे, चिंचणी, गुणाट या पट्ट्यात विमा म्हटलं की आधी पीकविमा आठवतो आणि त्यानंतर गाईचा. दूध घालणाऱ्या घरात कानात पिवळा बिल्ला असलेलं जनावर असतंच. म्हणून कुत्र्याच्या विम्याचा विषय निघाला की पहिला समज हाच असतो, की गाईचा विमा निघतो त्याच योजनेत कुत्र्याचाही निघेल. तसं होत नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानात 2024 साली सुधारणा झाली, तेव्हापासून पशुपालकाने हप्त्याचा 15 टक्के वाटा भरायचा आणि बाकीचा केंद्र व राज्य सरकारने. पण ही सवलत गाई-म्हशी, बैल, शेळ्या-मेंढ्या अशा पशुधनासाठी आहे. कुत्र्या-मांजराच्या विम्याला अनुदान नाही, पूर्ण हप्ता मालकाच्याच खिशातून जातो. शिवाय गाईचा विमा मुख्यतः ती दगावल्यावर तिची किंमत भरून देतो, तर कुत्र्यांसाठीच्या आजच्या बऱ्याच खासगी पॉलिसींचा गाभा उपचाराचा खर्च हा असतो. गाईच्या विम्याच्या सवयीने कुत्र्याची पॉलिसी वाचली, तर नेमका हा भाग नजरेतून सुटतो.

दुसरा समज असा, की विमा लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्डचाच निघतो, गावठी कुत्र्याला कोण विचारतं? प्रत्यक्षात न्यू इंडिया अॅश्युरन्स या सरकारी कंपनीची कुत्र्यांची पॉलिसी देशी, संकरित आणि विदेशी अशा तिन्ही प्रकारांना खुली आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या बजाज अलियान्झने 2020 मध्ये कुत्र्यांचा विमा आणला, त्यातही वंशावळीचा कागद असलाच पाहिजे अशी अट नव्हती. अडचण येते ती वयाची आणि ओळखीची. वस्तीवरचा कुत्रा नेमका किती वर्षांचा, हे कुणीच लिहून ठेवलेलं नसतं. बहुतेक कंपन्या ठरावीक वयापर्यंतच नवा विमा देतात, त्यामुळे डॉक्टरांनी दातांवरून केलेला वयाचा अंदाज दाखल्यावर घेणं गरजेचं आहे. ओळखीसाठी वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले फोटो लागतात. अंगावर खूण नसलेला तांबडा कुत्रा आणि शेजारच्या वस्तीवरचा तसाच तांबडा कुत्रा यांत कंपनीने फरक कसा करायचा? कातडीखाली बसवायची मायक्रोचिप हा त्यावरचा सर्वांत पक्का उपाय. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या चिपमध्ये 15 अंकी क्रमांक असतो आणि तो यंत्राने वाचता येतो.

आता बिबट्याकडे येऊ, कारण शिरूर तालुक्यात हा प्रश्न टाळून कुत्र्याच्या विम्यावर बोलणं खोटं ठरेल. उसाच्या पट्ट्यातला बिबट्या पहिल्यांदा कुत्र्यावरच जातो. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास केला, तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या आहारातला 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्या संख्येने कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असूनही त्यांचा वाटा 11 टक्क्यांच्या आसपासच होता. आपल्याकडची परिस्थिती अकोल्याहून फार वेगळी नाही.

इथे दोन गैरसमज एकमेकांत गुंतलेले आहेत. एक म्हणजे वनखाते भरपाई देईल. वन्यप्राण्याने गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी मारली तर पंचनामा होऊन पैसे मिळतात, कुत्र्याचे मिळत नाहीत. दुसरा म्हणजे पॉलिसीत ‘अपघात’ शब्द आहे, म्हणजे बिबट्याचा हल्ला त्यात आलाच. तसं गृहीत धरू नका. अपघाताची व्याख्या प्रत्येक पॉलिसीत वेगळी असते. जखमी कुत्र्याचा उपचार, जागेवर झालेला मृत्यू आणि रात्रीतून उचलून नेल्यामुळे मागे काहीच न उरणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मृत्यूच्या क्लेमला सहसा शवविच्छेदनाचा अहवाल किंवा डॉक्टरांचा दाखला मागतात. कुत्रा उसात ओढून नेला असेल तर हा अहवाल किंवा दाखला आणायचा कुठून? ‘हरवणे किंवा चोरी’ हे कलम वेगळं असतं आणि त्याला बहुधा पोलिसांतली नोंद लागते. एजंटला हा प्रश्न तोंडी विचारू नका, ई-मेल करा आणि लेखी उत्तर घ्या. सर्पदंशाबद्दल आणि रात्री मोकळ्या सोडलेल्या कुत्र्याबद्दलही तसंच करा. राखणीचा कुत्रा असेल तर अर्जात ते स्पष्ट लिहा. घरात पाळलेला म्हणून सांगितलं आणि क्लेमच्या वेळी तो गोठ्याची राखण करतो असं निघालं, तर माहिती लपवल्याचं कारण कंपनीला आयतंच मिळतं.

‘हप्ता भरला की दवाखान्यात पैसे द्यावे लागत नाहीत’ हा समज माणसांच्या आरोग्यविम्यावरून आलेला आहे. जनावरांच्या बाबतीत बहुतेक वेळा आधी आपण बिल भरायचं आणि नंतर कंपनीकडून परत मिळवायचं. आपल्याकडे डॉक्टर वस्तीवर येतात, इंजेक्शन देतात, रोख पैसे घेतात आणि पुढच्या गोठ्याकडे जातात. या व्यवहारात कुणाचीच लबाडी नसते, पण त्याचा कागदही नसतो. म्हणून पॉलिसी घेणाऱ्याने त्याच दिवसापासून एक सवय लावून घ्यावी. नोंदणीकृत पशुवैद्याच्या सहीची चिठ्ठी, तपासणीचे रिपोर्ट आणि औषधांची बिलं, या सगळ्यावर कुत्र्याचं नाव आणि तारीख हवी. एवढी शिस्त जमणार नसेल तर हप्ता भरण्यात अर्थ नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

विमा रकमेचा आकडाही फसवा असतो. समजा पॉलिसी 50 हजारांची आहे, पण एका आजाराला 20 हजारांची मर्यादा आहे आणि बिलातला 10 टक्के भाग मालकाने सोसायचा आहे. मग 18 हजारांच्या बिलावर हातात 16,200 येतील आणि 40 हजारांच्या बिलावर फार तर 20 हजार. म्हणून मोठ्या आकड्यापेक्षा या आतल्या मर्यादा आधी वाचाव्यात. पॉलिसी सुरू झाल्यावर आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो. आधीपासूनचा आजार, नसबंदी आणि नेहमीचं लसीकरण हे सहसा विम्याबाहेर राहतं. गोचीडतापाने कुत्रा मलूल पडल्यावर काढलेला विमा त्या तापाला उपयोगी पडत नाही.

लसीच्या बाबतीत तर उलटाच विचार ऐकू येतो, की विमा आहे मग लस कशाला? पार्व्हो, डिस्टेंपर, रेबीज यांसारख्या ज्या आजारांवर लस आहे, त्यांचा क्लेम लस टोचली नसेल तर सर्रास नाकारला जातो. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर तर कुत्र्याला वा माणसाला वाचवणारा उपचारच नाही, तिथे कोणती पॉलिसी काय करणार? पैसे थोडेच असतील तर ते आधी लसीवर खर्च करा. कुत्रा किंवा मांजर चावलं, ओरबाडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

आपला कुत्रा दुसऱ्याला चावला तर ‘कंपनी बघून घेईल’ हेही अर्धंच खरं आहे. काही पॉलिसींत तिसऱ्या व्यक्तीच्या भरपाईचं कलम असतं, पण ते फक्त पैशांच्या दायित्वापुरतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार प्राण्याबाबत पुरेशी खबरदारी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ही शिक्षा विमा कंपनी मालकाऐवजी भोगत नाही.

मांजरांसाठी पर्याय अजून कमी आहेत. कुत्र्याची पॉलिसी देणारी प्रत्येक कंपनी मांजर घेतेच असं नाही आणि धान्याच्या खोलीत येऊन-जाऊन असलेली मांजर ‘पाळीव’ म्हणून सिद्ध करणंही अवघड असतं. अशा मांजरीसाठी हप्त्याएवढी रक्कम दरमहा बँकेत किंवा पोस्टात बाजूला टाकणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. घरात वाढलेल्या, लसीचं कार्ड असलेल्या मांजरीचा विमा मात्र जरूर विचारून पाहावा.

क्लेम नाकारला की विषय संपला, असं समजून पुष्कळजण कागद फाडून टाकतात. आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी शुल्क नाही, वकीलही लागत नाही आणि लोकपालाचं कार्यालय पुण्यातच आहे.